दस्तरखान : थरांचे आईस्क्रीम, मध्ये चिक्कीची खडी



मे महिना लागला की भंडाऱ्यात दुपारी बारानंतर रस्ता ओस पडतो. पारा पंचेचाळिशीच्या आसपास, मुले सुट्टीवर, माहेरवाशिणी लेकरांसह आलेल्या. रोजचे सालन आणि पोळ्या उरकतानाच जीव मेटाकुटीला येतो. तिथे ओव्हन तापवून केक करा असे मी कोणाला सांगणार नाही, आणि ओव्हन किती घरी असते तेही मला ठाऊक आहे. म्हणून या महिन्यात चूल न पेटवता होणारा पदार्थ घेतला आहे. फक्त चॉकलेट वितळवायला आणि चारोळी भाजायला पाच मिनिटे गॅस लागेल.

निमित्त पवनीच्या एका वाचक भगिनीच्या पत्राचे आहे. तिच्या मुलाचा वाढदिवस मे महिन्यात येतो आणि गल्लीतली सगळी मुले जमतात. पण केकमध्ये अंडे असते म्हणून शेजारची तीन-चार मुले नुसता चिवडा खाऊन घरी जातात. उलट तिची मुले दुसऱ्यांकडे गेली की जेलीची रंगीत गोळी हातात धरून आईच्या तोंडाकडे बघत राहतात, खाऊ की नको. सगळ्या मुलांनी एकाच ताटलीतून, कोणालाही काही न विचारता खावे असे काही आहे का, हे तिने विचारले आहे. प्रश्न गोडाधोडाचा दिसतो, पण आठ वर्षांच्या पोराला पंगतीतून बाजूला बसावे लागते तेव्हा त्याला काय वाटते, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले आहे.

असा पदार्थ आहे, आणि तो अवघडही नाही. खाली बिस्किटाचा थर, वर दोन रंगांचे आईस्क्रीम, त्यांच्यामध्ये चिक्की आणि चॉकलेटची खडी. डब्यात जमवायचे, गोठवायचे, केकसारखे कापायचे. अंडे नाही, जिलेटिन नाही, भाजणे नाही.

आपल्याकडच्या लोकांना ही कल्पना नवी नाही. आईस्क्रीमच्या दुकानात कसाटा मिळतो तो याच जातीचा, दोन-तीन रंगांचे थर आणि कडेला सुकामेवा. नागपूर जवळ असल्याने आपल्या जिल्ह्यात दिनशॉचे आईस्क्रीम कोणाला सांगावे लागत नाही. दिनशॉ आणि एरचशॉ राणा या पारशी भावांनी १९३२ साली नागपुरात दुधाचा धंदा सुरू केला आणि लवकरच आईस्क्रीमही करू लागले. कसाटा मूळचा मात्र इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटावरचा. तिथे नवव्या ते अकराव्या शतकात अरबांची सत्ता होती आणि ऊस, संत्रावर्गातली फळे या बेटावर रुजली ती त्यांच्यामुळे. कसाटा हा शब्दही अरबीतल्या वाडग्याच्या नावावरून आला असावा असे पुष्कळ जण मानतात. सिसिलीतला जुना कसाटा म्हणजे ताज्या चीजचा केक, त्याचे आईस्क्रीम पुढे झाले. असो, आपण डब्याकडे वळू.

साहित्य दहा-बारा कापांचे. व्हॅनिला आईस्क्रीम अर्धा लीटर, आंब्याचे किंवा संत्र्याचे अर्धा लीटर, मारी बिस्किटे पंधरा, लोणी तीन मोठे चमचे, शेंगदाण्याची चिक्की शंभर ग्रॅम, साधे काळे चॉकलेट पन्नास ग्रॅम, मूठभर चारोळी. चारोळी आपल्या जंगलातली, उन्हाळ्यात चाराची फळे बाजारात येतात तिचेच बी. ती कोरडी भाजून घ्या, म्हणजे काजू-पिस्त्यांचा खर्च वाचतो आणि चवही वेगळी येते.

डबा स्टीलचा, चौकोनी आणि उभट घ्या. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला आहे आणि सासूबाईंचा जुना पितळी डबा कोणाच्याही नजरेत भरेल. पण कल्हई गेलेल्या पितळेत संत्रे किंवा आंबा नको, आंबटाने पितळ कळकते.

आईस्क्रीम विकत घेताना डब्यावरची बारीक अक्षरे वाचा. साध्या आईस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता किमान १० टक्के असावी असा आपल्या देशाचा नियम आहे. दुधाच्या तुपाऐवजी वनस्पती तेल वापरले असेल तर कंपनीला 'फ्रोझन डेझर्ट' लिहावे लागते. दोन्ही डबे दुकानात शेजारी शेजारी असतात आणि चित्रही सारखेच दिसते. फ्रोझन डेझर्ट खाऊ नये असे मी म्हणत नाही, पण पैसे दुधाचे देऊन तेल घरी आणू नये. आणखी एक गोष्ट, आईस्क्रीम लीटरवर विकतात, वजनावर नाही. त्यात हवा भरलेली असते, म्हणून एक लीटरचा डबा वजनाला साधारण सव्वापाचशे ग्रॅमपासून पुढे भरतो. हातात घेतल्यावर जो डबा जड लागतो त्यात हवा कमी.

घरी आईस्क्रीम बनवायचे म्हणाल तर पुड्यातल्या साध्या फ्रेश क्रीमच्या मागे लागू नका. त्यात स्निग्धता २५ टक्क्यांच्या आसपास असते, कितीही फेटले तरी नीट फुगत नाही. त्यासाठी वेगळे व्हिपिंग क्रीम लागते, आणि या उन्हात ते फेटणे म्हणजे घाम गाळणे. पहिल्या खेपेला तयार आईस्क्रीमच बरे.

आता गोळ्या-चॉकलेटांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पदार्थ बिघडतो तो इथेच. साखरेची कडक गोळी म्हणजे एक प्रकारची काच, आणि ही काच पाणी ओढून घेते. संत्रा गोळीचे तुकडे आईस्क्रीममध्ये पुरले तर दोन-तीन दिवसांत त्यांचा चिकट पाक होतो आणि रंग पांढऱ्या थरात उतरतो. वर भुरभुरायच्या असतील तर वाढण्याच्या क्षणी भुरभुरा, आणि अगदी बारीक कुटून. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांच्या घशात कडक तुकडा अडकू शकतो, त्यांच्या कापावर गोळी नकोच. मऊ टॉफीची गंमत उलटी आहे. बाहेर ती मऊ असते आणि फ्रीझरमध्ये दगड होते, दात हलेल. रंगीत कवचाच्या चॉकलेट गोळ्यांचाही रंग सुटतो.

चिक्की मात्र जमते, पण तिला पांघरूण लागते. गुळाची चिक्कीही ओल ओढते. म्हणून ती कुटून हरभऱ्याएवढे तुकडे करा, चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवा, थोडे निवू द्या आणि तुकडे त्यात घोळून ताटलीत सुटे पसरा. चॉकलेटमधल्या स्निग्धतेने ओल आत शिरत नाही आणि आठवडाभर चिक्की कुरकुरीत राहते. कोणी नागपूरहून संत्रा बर्फी आणली असेल तर तिचे छोटे तुकडेही मधल्या थरात उत्तम लागतात, तिला पांघरुणाची गरज नाही.

संत्रा गोळीचे नाव निघाले म्हणून सांगते, पारलेची सुरुवात १९२९ साली मुंबईत गोळ्यांपासूनच झाली, बिस्किटे नंतर आली. आणि आपल्या अम्मी-खालांच्या पिढीने चघळलेल्या रावळगावच्या गोळ्या मालेगाव तालुक्यातल्या. तिथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखरेचा कारखाना उभा केला आणि १९४० च्या दशकात गोळ्या सुरू झाल्या. २०२४ मध्ये हे नाव रिलायन्सने विकत घेतले. पान पसंदची चव ज्यांच्या जिभेवर आहे त्यांना हे वाचून थोडे चुकचुकल्यासारखे होईल.

जिलेटिनचे काय, हा पत्रातला दुसरा प्रश्न. जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनते. मार्शमॅलो, रबरासारख्या जेलीच्या गोळ्या, काही तयार पुडिंगची पाकिटे यांत ते असू शकते. कुठल्या जनावराचे, ते कसे कापलेले, हे पाकीट सांगत नाही. आपल्या देशात अशा पाकिटावर तपकिरी चिन्ह छापणे बंधनकारक आहे आणि हिरवा ठिपका असेल तर घट्टपणासाठी पेक्टिन, स्टार्च किंवा समुद्री शेवाळ वापरलेले असते. म्हणजे मुलांना लांबलचक यादी पाठ करून घ्यायची गरज नाही. हिरवा ठिपका शोधायला सहा वर्षांचे पोरही शिकते, आणि मग ते आईच्या तोंडाकडे बघत उभे राहत नाही. परदेशातून कोणी पाहुण्याने आणलेल्या पाकिटावर हा ठिपका नसतो, ते मात्र तुम्ही स्वतः वाचून द्या. रंगांच्या यादीत १२० हा आकडा दिसला तर तो किड्यापासून काढलेला लाल रंग आहे, हेही ध्यानात असू द्या. आणि शेजारची जी मुले अंडे खात नाहीत त्यांच्या आईलाही हाच ठिपका बघायचा असतो. वाढदिवसाच्या दिवशी आईस्क्रीम, बिस्किटे, चिक्की आणि चॉकलेटची रिकामी पाकिटे ओट्यावरच राहू द्या, कचऱ्यात टाकू नका. तिने विचारायच्या आत तुम्ही दाखवलीत तर तिचाही संकोच मोडतो. तिच्या डोळ्यांसमोर कापायला घेतलेत तर आणखी चांगले.

रमजानमध्ये आपण चायना ग्रासची पुडिंग करतो, तेही शेवाळातलेच. त्याचा थर या डब्यात घालावा का, असे कोणाच्या मनात येईल. घालू नका. चायना ग्रास गोठले की फुटते आणि पाणी सोडते. ते बनवण्याची जुनी जपानी रीतच अशी की जेली थंडीत गोठवायची, मग वितळवून पाणी निथळू द्यायचे. संत्र्याच्या रसातले चायना ग्रास वेगळ्या ताटलीत थंड करून चौकोन पाडा आणि वाढताना कापाशेजारी ठेवा.

आता करायला घ्या, पण पहाटे फजरनंतर किंवा रात्री दहानंतर. दुपारी आईस्क्रीम चमच्यावरून डब्यात जाईपर्यंत दूध होते. रिकामा डबा आधी तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. मग आत बटर पेपर असा घाला की दोन्ही बाजूंनी चार बोटे बाहेर लोंबेल. बिस्किटांचा चुरा वितळलेल्या लोण्यात कालवून तळाशी वाटीने दाबून बसवा आणि वीस मिनिटे गोठवा. व्हॅनिला आईस्क्रीम फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवा. बाहेर ओट्यावर नको, तिथे कडा वितळतात आणि मधला भाग तसाच राहतो. श्रीखंडाइतके मऊ झाले की थर पसरा, वर चिक्कीची निम्मी खडी, आणि पुन्हा तासभर गोठवा. हा तास चुकवला तर दोन रंग एकमेकांत मिसळतात. मग आंब्याचा थर, वर उरलेली खडी आणि चारोळी, कागदाची टोके दुमडून झाकण. रात्रभर, निदान आठ तास.

लाईट गेली तर? उन्हाळ्यात जाणारच, तेव्हा आधीच तयारी हवी. फ्रीझरमधल्या मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून गोठवून ठेवा, भरलेला फ्रीझर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंडी धरतो. लाईट गेल्यावर दार उघडून बघू नका, मुलांनाही बजावून ठेवा. दावत त्याच दिवशी असेल तर थर्माकोलच्या खोक्यात तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग जाडे मीठ घालून त्यात बंद डबा बसवा. लग्नात हाताने फिरवायच्या पॉटमधले आईस्क्रीम याच युक्तीने व्हायचे. बर्फ नुसता असेल तर शून्य अंश, मीठ मिसळले की उणे वीसच्या आसपास उतरू शकतो. डब्याच्या झाकणाला मात्र प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर खारट पाणी आत जाईल.

इतके करूनही आईस्क्रीम पूर्ण पातळ झाले तर पुन्हा गोठवायचा मोह आवरा. एक तर बर्फाचे खडे होऊन ते दाताखाली करकरते. दुसरे म्हणजे कोमट दुधात जंतू भराभर वाढतात आणि फ्रीझर त्यांना मारत नाही, झोपवतो फक्त. अजून गार असेल तर लगेच ग्लासात ओतून मिल्कशेक म्हणून पाजून टाका. कोमट झाले असेल तर टाकून द्या, कितीही जिवावर आले तरी. लहान मुलांची पंगत आहे.

वाढताना डबा काढून पाच मिनिटे थांबा, कागदाची टोके धरून वडी उचला. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एकेक काप. प्रत्येक कापानंतर पुन्हा बुडवा आणि पुसा, तरच थर स्पष्ट दिसतात. ताटल्याही आधी फ्रिजमध्ये गार केलेल्या हव्यात. बाराच्या वर मुले असतील तर काप अर्धे करा, थर दोन बोटे उंच असले की अर्धा काप पुरतो. उरले तर तोच कागद गुंडाळून डब्यात परत, आणि आठवड्याच्या आत संपवा. आमच्याकडे आजवर दुसरा दिवस उजाडलेला नाही.