चहा कोठें प्यावा?

चहा प्यावा कीं न प्यावा हा वाद आमच्या आज्याच्या काळचा. तो चहानें केव्हांच जिंकला. आज दर्यापुरच्या बाजारांत माल घालून परत निघालेला शेतकरी तीन वाजतां कपभर चहा घेतल्याशिवाय गांवची वाट धरीत नाहीं. वाद उरला आहे तो चहा कोठें प्यावा आणि कोणासंगें प्यावा याचा, व तो वाटतो तितका हलका नाहीं.

हा वाद कांहीं कुणब्या-माळ्यांनीं उभा केलेला नव्हे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. पाहुणे लहानसहान नव्हते. पुढें हायकोर्टाचे न्यायमूर्ति झालेले माधवराव रानडे त्यांत होते, टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणें-वैभव' पत्रांत छापविलीं आणि एका पेल्यापायीं शहरभर ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, आणि १८९२ सालीं रानड्यांसारख्या पुरुषास प्रायश्चित्त घ्यावें लागलें. विद्वानांच्या पेल्याचा जेथें एवढा बोभाटा, तेथें गरिबाच्या हातच्या पाण्याची काय कथा!

परंतु हें वाचून आमच्या वाचकांनीं उगीच मिशीवर हात फिरवूं नये. कोल्हापुरची गोष्टही ऐकावी. गंगाराम कांबळे हा संस्थानच्या चाकरींतला अस्पृश्य समाजाचा मनुष्य. मराठ्यांच्या पाण्यास शिवला म्हणून त्याला बेदम मार बसला. शाहू छत्रपतींनीं मारणारांचा समाचार घेतला, गंगारामास चाकरींतून मोकळें केलें व स्वतःचा धंदा काढण्यास मदत केली. त्यानें चहाचें दुकान मांडलें, गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हां महाराजांचा खडखडा त्या दुकानापुढें थांबूं लागला. महाराज चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या बड्या मंडळींसही पाजीत. राजा पितो म्हटल्यावर नाहीं म्हणतो कोण? मारणारे हात भटांचे नव्हते, आपल्यांतलेच होते, एवढें ध्यानांत ठेवून पुढें वाचावें.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या गांवच्या एका बापूजींचा मुलगा परळच्या टाटा रुग्णालयांत होता. कर्करोगाचें दुखणें. बापूजी कुणबी, वय साठीच्या पुढें, मुंबई कधीं पाहिलेली नाहीं. म्हणून मुर्तिजापुरास रात्रीची गाडी धरून आम्ही त्यांच्याबरोबर गेलों. तिसरे होते बापूजींच्या धुऱ्याचे शेजारी, बौद्ध वस्तींतले भाऊ. त्यांचा पुतण्या तिकडे महापालिकेंत नोकरीस आहे, त्यामुळें मुंबईच्या गल्ल्या भाऊंस पाठ. उतरलों दादरला, गाडगे महाराजांच्या नांवाच्या धर्मशाळेंत. बाबा आमच्या शेजारच्या अंजनगांव सुर्जी तालुक्यांतल्या शेंडगांवचे, १८७६ चा जन्म. परक्या शहरांत दारावरचें तें नांव अक्षरें लावून वाचतांना बापूजींचे डोळे भरून आले.

एके दिवशीं मंत्रालयांत मदतनिधीचा अर्ज देऊन बाहेर पडलों तों साडेतीन झाले. सकाळपासून पोटांत कांहीं नव्हतें. चर्चगेटच्या बाजूस कांचेच्या दाराचें एक चहागृह लागलें. आंत गारवा, दाराशीं पहारेकरी. त्यानें बापूजींचें धोतर व हातांतली कापडी पिशवी एकवार न्याहाळली, अडविलें नाहीं. बापूजी आपणच थबकले. "काहून हो मास्तर, आपल्याले अथी बसू देतीन काय?" म्हणाले. दारावरच्या पत्रकांत पाहिलें तर एका कपाच्या किंमतींत आमच्या गांवच्या टपरीवरची सबंध बैठक चहा पिऊन उठली असती.

महाग विकणें हा कांहीं गुन्हा नव्हे. १९०३ सालीं उघडलेल्या ताजमहाल हॉटेलांत समुद्राकडे पाहत दुपारचा चहा घेणारांचे पैसे हजारांच्या घरांत जातात. ज्यास परवडेल त्यानें खुशाल प्यावा. परंतु न परवडणें निराळें आणि आपली पायरी नाहीं म्हणून दाराशीं थबकणें निराळें. पहिला हिशेबाचा प्रश्न आहे. दुसरें पिढ्यान्‌पिढ्यांचें दुखणें आहे, आणि तें शाळा शिकविणाऱ्या आमच्याही अंगांत आहे. खरें सांगावयाचें तर बापूजींच्या अगोदर आमचाच पाय मागें सरला होता.

भाऊ मात्र हंसले. "बापूजी, चाला माह्यासंग. पैशे आपले हायेत, लाज कायची?" असें म्हणून त्यांनीं आम्हांस धोबी तलावाकडे चालविलें आणि एका इराण्याच्या दुकानांत नेऊन बसविलें.

मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास आमचें सांगणें आहे कीं, चहा इराण्याकडे प्यावा. हे इराणी लोक अग्निपूजक. इराणांतल्या यझ्द-कर्मानकडून पोटासाठीं मुंबईस आले आणि नाक्यानाक्यावर दुकानें मांडून बसले. धोबी तलावाचें कयानी १९०४ चें. ग्रांट रोड स्टेशनाजवळचें मेरवान १९१४ चें. पूर्वी अशीं दुकानें शेंकड्यांनीं होतीं, आतां मोजकीं उरलीं. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्ची, घट्ट गोड चहा आणि लोणी लावलेला पाव. गिरणीचा कामगार, कारकून, वकील, हमाल, सगळे त्याच टेबलाशीं बसत आले. एकाच टेबलाशीं अनोळखी माणूस येऊन बसतो व कोणी कोणाची जात विचारीत नाहीं. दुसरीकडे काय चाललें होतें तें पाहा : मद्रासेंत एका उपाहारगृहाच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून पेरियार रामस्वामींच्या मंडळींस १९५७ सालीं, म्हणजे राज्यघटना येऊन सात वर्षें झाल्यावर, आंदोलन करावें लागलें.

त्या टेबलाशीं बापूजी आणि भाऊ समोरासमोर बसले. पोऱ्यानें तीन कप आणून आदळले. कोणता कोणाचा हें त्यानें पाहिलें नाहीं, आम्हींही पाहिलें नाहीं. बापूजींनीं बशींत चहा ओतून फुंकर घातली. भाऊंनींही तसेंच केलें. दोघे तीस वर्षें एका धुऱ्यावर नांगर धरीत आले, एका विहिरीच्या पाण्यावरून भांडले, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत राबले. परंतु समोरासमोर बसून चहा प्याले ते त्या दिवशीं प्रथम, आणि तो आमच्या गांवापासून रात्रभराच्या प्रवासावर.

घटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें, हॉटेलें यांचीं नांवें घेऊन मज्जाव करण्यास मनाई केली आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्ह्यांच्या कायद्यानें तर उपाहारगृहांतल्या भांड्यांचाही उल्लेख केला. म्हणजे टपरीच्या छपरांत खोंचलेली वेगळी कपबशी हा गुन्हा ठरला. आमच्या लहानपणीं ती कपबशी आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे व तेथेंच बसून चहाही प्यालों आहों. आतां ती दिसत नाहीं. परंतु कायदा टपरीच्या कपापर्यंत पोहोंचतो, ओसरीवरच्या कपापर्यंत पोहोंचत नाहीं.

परत आल्यावर आठवड्यानें रुग्णालयाचे कागद लावण्यास आम्ही बापूजींच्या घरीं बसलों होतों. भाऊही आले. आंतून चहा आला : आम्हांस व बापूजींस फुलांच्या कपांत, भाऊंस स्टीलच्या पेल्यांत. पेला स्वच्छ होता, चहा तोच होता. बापूजींनीं पेल्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें. भाऊंनीं पेला उचलला व मुंबईच्या औषधाची गोष्ट काढली. आम्ही मास्तर, गांवभर पोरांस समतेचे धडे देतों. तरी एक शब्द न बोलतां फुलांचा कप रिकामा करून उठलों.

तेव्हां जें बोलावयास पाहिजे होतें तें आज येथें लिहीत आहों. बापूजी हा अंक घेतात, त्यांची नात त्यांस वाचून दाखविते. पुढच्या महिन्यांत मुलाची पुन्हां तपासणी आहे. तिकिटें आम्हां तिघांचीं काढलीं आहेत.