तोच प्रश्न पुन्हां कां?

तीच तीच माणसें तेंच तेंच विचारतात, ही तक्रार सरकारी कचेऱ्यांतून वारंवार ऐकूं येते; आणि असे अर्ज केराच्या टोपलींत टाकावे, असा सल्लाहि तिच्याबरोबर मिळतो. आम्हांस हा सल्ला मान्य नाहीं.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालीं झाला. माहिती कोणत्या कारणांनीं नाकारतां येते, हें त्याच्या ८ व्या व ९ व्या कलमांत सांगितलें आहे. प्रश्न पूर्वीं विचारला गेला होता, हें कारण त्यांत नाहीं. उलट ४ थें कलम कचेऱ्यांस बजावतें कीं, मंजूर रकमा व झालेला खर्च धरून सतरा बाबी आपण होऊन प्रसिद्ध करा; लोकांवर अर्जाची पाळी शक्य तों येऊं देऊं नका.

भोर तालुक्यांतील शिवरे घ्या, कीं दुसरें कोणतेंहि गांव. पाण्याच्या योजनेचा हिशेब पंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिला, तर दहा रुपये भरून तीस दिवस वाट पाहण्याची हौस कोणास आहे? झांकणाऱ्यास मोकळें ठेवून विचारणाऱ्यास दटावणें म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळीं देणें होय.

केवळ छळासाठीं अर्ज करणारे कोणी नाहींतच, असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांवरहि उपाय हाच: उत्तर एकदां चारचौघांत मांडावें, आणि पुढें येईल त्यास त्याकडे बोट दाखवावें.