अब्बांचा शटरवाला टीव्ही

रमजान येण्याआधी शाबानमध्ये घर झाडून-पुसून घ्यायची आमच्याकडची जुनी रीत. यंदा विठ्ठलवाडीच्या घराचा माळा रिकामा करताना मरहूम अब्बांचा लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही खाली आला. मुले म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाका." अम्मी काहीच बोलली नाही. ओढणीच्या टोकाने त्याच्यावरची धूळ पुसत राहिली. आम्ही काय ते समजलो.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. आमच्या घरी टीव्ही आला 1984 साली, अब्बांनी पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेला. चाळीत आमचे एकच मुसलमान घर, पण रविवारी सिनेमा असला की दारात सगळ्यांच्या चपलांचा ढीग पडे. मगरिबची वेळ झाली की अब्बा शटर ओढून घेत. नमाज होईपर्यंत सगळे गप्प बसून राहात, कुणी कुरकुर करत नसे.

असा टीव्ही आज चालेल का? अनेक घरांत हा प्रश्न पडत असेल, म्हणून आम्ही जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तो एकदम प्लगमध्ये लावू नका. वर्षानुवर्षे बंद असलेल्या सेटमधले कपॅसिटर सुकतात, अचानक वीज दिली की फुटतात किंवा धूर निघतो. आमच्या मिस्त्रींनी आधी शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून सेट तपासला. आत दोष असता तर बल्ब लख्ख पेटला असता आणि सेट वाचला असता. मागचे झाकण मात्र घरी उघडू नये. पिक्चर ट्यूबला दहा हजारांहून जास्त व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये वीज साठून राहते.

चार कपॅसिटर बदलल्यावर पडदा उजळला, पण नुसत्या मुंग्या! यात टीव्हीचा दोष नाही. गच्चीवरच्या ॲंटेनाला जे प्रक्षेपण मिळायचे, ती जुनी ॲनालॉग केंद्रे दूरदर्शनने बहुतेक बंद केली आहेत. केबलही 2012 पासून आधी मुंबईत आणि मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे डिजिटल झाली. म्हणजे सेट टॉप बॉक्स हवाच. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे भाडे नाही, छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा. बॉक्सला पिवळी, लाल, पांढरी अशी तीन भोके असली तर नंतरच्या रंगीत टीव्हीला वायर सरळ लागते. आमच्या सेटला ती भोके नाहीत, फक्त ॲंटेनाचे दोन स्क्रू. म्हणून मध्ये मॉड्युलेटर नावाची छोटी डबी बसवावी लागली. ती बॉक्सचे चित्र जुन्या चॅनलवर आणून देते.

मग खरी अडचण कळली. अम्मीला दिसते कमी, नव्या टीव्हीचे रिमोट तिला जमत नाही. या टीव्हीला गोल बटण आहे म्हणून ती खूश होती. पण बॉक्स आला म्हणजे रिमोटही आलाच. शेवटी आम्ही बॉक्स सह्याद्रीवर लावून रिमोट कपाटात ठेवला. अम्मी फक्त आवाजाचे बटण फिरवते. तिला तेवढे पुरते.

खर्च करावा का? नवा टीव्ही म्हणून वापरायचा असेल तर नको. अक्षरे बारीक दिसतात, वीजही तुलनेने जास्त जाते. ट्यूब गेली असेल तर सोडून द्या, तशी ट्यूब मिळणे अवघड. पण सेट धड असेल आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा जीव त्यात असेल, तर थोडा खर्च म्हणजे इस्राफ नव्हे. चालती वस्तू फेकून देणे हा मात्र इस्राफच.

आणि टाकायचाच झाला, तर फोडून कचऱ्यात टाकू नका. ट्यूबच्या काचेत शिसे असू शकते. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. आपला कचरा शेजाऱ्याला किंवा तो वेचणाऱ्या पोराला बाधू नये, हीही आपलीच जबाबदारी.

आता संध्याकाळी अम्मी सात वाजताच्या बातम्या ऐकते. अजान झाली की उठून स्वतः शटर ओढते. आम्ही मदतीला जात नाही.