जुनी ठासणीची बंदूक घेताना
अमेरिकेत अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो, त्यामुळे स्वस्तातली जुनी बंदूक पुष्कळांना खुणावते. ती जरूर घ्यावी, पण नळी आतून पाहूनच. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि न पुसलेली नळी गंजत जाते. बंदूक भरलेली नाही ना, हे आधी गज घालून तपासावे; मग तेलाची चिंधी फिरवावी. तांबूस निघाली तर गंज, अडकून फाटली तर खड्डे. गंज घासून जातो, असे म्हणणारे अर्धेच खरे: वरचा थर जातो, खड्डे राहतात, त्यांत काजळी साचते, नेम बिघडतो. आणि नळीच्या बुडाचा आट्यांचा प्लग काढता येणाऱ्या प्रकारचा असूनही पान्याने सुटतच नसेल, तर फुकटातही नको.