आधी बोलणारा नकोसा का होतो?

ठेवीदारांसाठी भांडणाऱ्याला पहिली शिवी संचालक देत नाहीत, ठेवीदार देतात. माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात गेली आणि निवृत्तीनंतर बुडालेल्या पतसंस्थांच्या ठेवीदारांचे दावा-अर्ज भरून देण्याचा उद्योग मी मागे लावून घेतला आहे. तेव्हा हे ऐकीव नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेची वार्षिक सभा. मंगल कार्यालय, दारात सह्या घेणारी पोरं, सभासद-भेट म्हणून स्टीलचा डबा. अहवाल मात्र 'संपले'. विषय वाचला की पुढच्या दोन रांगांतून 'मंजूर, मंजूर'. एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारलं, संचालक आणि त्यांच्या घरच्यांकडे किती कर्ज आहे, त्याचा तक्ता कुठाय? हा तक्ता सभेपुढे ठेवणं सहकार कायद्यानं बंधनकारक आहे. अध्यक्ष हसत म्हणाले, "अण्णा, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ की." अण्णा बसेनात. तेव्हा ओरडले ते त्यांच्याच शेजारचे सभासद. "खाली बसा हो! बाहेर बोभाटा झाला तर आमच्या ठेवी अडकतील."

म्हणजे शंका सगळ्यांनाच होती. पुढे संस्थेला टाळं लागलं आणि हीच मंडळी अण्णांच्या ओट्यावर जाऊन त्यांनाच विचारू लागली, एवढं ठाऊक होतं तर जोर लावून का नाही बोललात?

ओरडणाऱ्यांची भीती अगदीच खुळी होती असं मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातलेल्या पीएमसी या सहकारी बँकेच्या ठेवीदारांना सप्टेंबर २०१९ मध्ये सांगण्यात आलं की सहा महिन्यांत खात्यातून हजारच रुपये काढता येतील. मर्यादा पुढे वाढवली, पण तोवर कुणाचं ऑपरेशन अडलं, कुणाचं लग्न. असं पाहिलेला माणूस बँकेबद्दल चारचौघांत शब्द काढायला घाबरणारच. पण व्हॉट्सॲपवर 'पैसे काढून घ्या' असं ढकलणारा आणि ताळेबंद हातात धरून सभेत प्रश्न विचारणारा, या दोघांना एकाच मापानं मोजायचं का? आपण मोजतो. संचालकांना तेच हवं असतं.

पीएमसीत एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाची कर्जं एकवीस हजारांहून अधिक बनावट खात्यांमागे लपवली होती, असं तपासात पुढे आलं. एवढी खाती एकटा व्यवस्थापक रात्री बसून उघडत नाही. लहान संस्थेत याहून साधा मार्ग असतो, 'नवं-जुनं'. मार्च तोंडावर आला की थकलेल्या कर्जदाराला नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुनं भरून घ्यायचं. कागदावर वसुली झकास, लेखापरीक्षणात 'अ' वर्ग. व्हाउचर लिहिणाऱ्या कारकुनापासून शिपायापर्यंत सगळ्यांना हे माहीत असतं. तोंड उघडत नाही कुणी, कारण नोकरी अध्यक्षांच्या शिफारशीनं लागलेली असते आणि घराचा हप्ता त्याच संस्थेत कापला जातो.

तरीही कुणीतरी बोलतं, म्हणून थोडंफार उघडं पडतं. २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियात स्टेट बँकेतल्या पाचशे कोटींच्या घोळाची बातमी दिली, तेव्हा त्यामागच्या शेअरदलाल हर्षद मेहताला अख्खी मुंबई डोक्यावर घेऊन नाचत होती. तेजीत कमावणाऱ्या माणसाला अशी बातमी गोड लागत नाही. सहारा समूहानं लोकांकडून गोळा केलेल्या पैशांच्या प्रकरणात २०१० च्या जानेवारीत इंदूरच्या पत्त्यावरून एक हिंदी पत्र नॅशनल हाउसिंग बँकेला गेलं. लिहिणारा स्वतःला सनदी लेखापाल म्हणवत होता. पत्र सेबीकडे आलं. पुढे सेबीचे सदस्य के. एम. अब्राहम यांनी जून २०११ मध्ये सहाराविरुद्ध आदेश दिला आणि ३१ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं चोवीस हजार कोटींच्या घरातली रक्कम १५ टक्के व्याजासह गुंतवणूकदारांना परत करायला सांगितली. त्या पत्रातल्या नावाचा माणूस खरोखर कोण, यावरच पुढे बराच काथ्याकूट झाला. मला त्यात नवल वाटत नाही. खऱ्या नावानं लिहिणाऱ्याला आपण काय देतो?

२०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो अंमलात आणलेलाच नाही, आणि आणला तरी तो सरकारी नोकरांच्या गैरव्यवहारापुरता. सेबी खबर देणाऱ्याला बक्षीस देते, पण मुख्यतः शेअर बाजारातल्या इनसायडर ट्रेडिंगच्या खबरीसाठी. पतसंस्थेतल्या कारकुनाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. सहकारी संस्थांच्या निबंधकानं स्वतःहून मनावर घेतलं नाही तर सहकार कायद्याच्या कलम ८३ च्या चौकशीसाठी एक-पंचमांश सभासदांचा अर्ज लागतो. ज्यांनी अण्णांना खाली बसवलं, त्यांच्याच सह्या! संस्था मल्टिस्टेट असेल तर निबंधक दिल्लीत. बीडच्या शेतमजुरानं तिथं दाद मागायची.

अर्ज भरताना एक गोष्ट नेहमी दिसते. बायकांनी ठेवपावत्या लॅमिनेट करून ठेवलेल्या असतात, खराब होऊ नयेत म्हणून. पावतीच्या मागे रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करायची असते, ती प्लॅस्टिकवर होत नाही. ब्लेडनं कड सोडवताना कागदही फाटतो. त्यांतल्या बहुतेकींना वाटत असतं, पाच लाखांचा विमा आहे ना! तो बँकांच्या ठेवींना आहे, पतसंस्थांच्या नाही. हे शाखेत पाटी लावून कुणी सांगितलेलं नसतं.

तो पाच लाखांचा आकडाही कुणी आपणहून दिला नाही. १९९३ पासून विमा एक लाखावर अडकून होता. पीएमसीचे ठेवीदार रिझर्व्ह बँकेच्या दारात आणि कोर्टाबाहेर घोषणा देत उभे राहिले, त्यानंतर काही महिन्यांत, ४ फेब्रुवारी २०२० पासून, तो पाच लाख झाला. पुढच्या वर्षी कायदा दुरुस्त होऊन, निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद झाली. आंदोलनाच्या वेळी वाहिन्यांवर या ठेवीदारांची रडणारी तोंडं दाखवली गेली. त्यांच्यामुळे देशभरच्या ठेवीदारांचं भलं झालं, हे सांगताना मात्र कुणी दिसलं नाही.

सहकार खात्याकडे माझं मागणं फार मोठं नाही. संचालकांच्या कर्जाचा तक्ता शाखेच्या काचेवर वर्षभर लावायला लावा. कर्मचाऱ्याची तक्रार नाव गुप्त ठेवून घ्या आणि ती आल्यावर त्याची बदली झाली तर खुलासा अध्यक्षांकडे मागा. पतसंस्थेच्या ठेवपावतीवर 'या ठेवीला विमा नाही' हे ठळक मराठीत छापा.

सभासदांकडे मागणं एकच आहे. ३० सप्टेंबरपर्यंत सगळ्या सभा उरकायच्या असतात. यंदा कुणी उठून प्रश्न विचारला तर दुसऱ्यानं अनुमोदन द्यावं आणि प्रश्न इतिवृत्तात घ्यायला लावावा. इतिवृत्तात आलेला प्रश्न कलम ८८ च्या चौकशीत, संचालकांवर जबाबदारी निश्चित करताना, पुरावा म्हणून पुढे ठेवता येतो. नुसत्या आरड्याओरड्याची तिथं नोंद होत नाही.