घरगुती कॉकपिटचे महागडे गणित

मुंबई, खास प्रतिनिधी

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० नव्या विमानांची मागणी नोंदवल्यापासून वैमानिकांच्या टंचाईची चर्चा सुरू आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांबाबतच्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली, तेव्हा ही चर्चा विमानतळांवरून घराघरांत पोहोचली. या व्यवसायात संधी आहे, असा अर्थ अनेकांनी त्यातून काढला. मुलाला किंवा मुलीला हे जमेल का, हे आधी घरीच पाहावे या विचाराने तीन मॉनिटरचा, फ्लाइट सिम्युलेटर चालवू शकणारा संगणक जुळवून घेण्याकडे काही कुटुंबे वळतात. परंतु नेमक्या याच काळात संगणकाच्या मेमरीचे भाव भडकले आणि छंदाचे हे यंत्र मध्यमवर्गीय खिशाला जड झाले. अशा वेळी या खर्चातून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे तपासणे आवश्यक ठरते.

तीन पडदे कशासाठी?

घरच्या संगणकावर विमान उडवण्याची कल्पना नवी नाही. ब्रूस आर्टविक यांचा फ्लाइट सिम्युलेटर १९७९ मध्ये अॅपल-२ या संगणकासाठी आला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरवर आणला. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा विभाग बंद केला होता. मात्र ऑगस्ट २०२० मध्ये उपग्रह छायाचित्रांच्या आधारे उभारलेल्या पृथ्वीसह त्याची नवी आवृत्ती आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यापुढची. ऑस्टिन मायर यांचे एक्स-प्लेन हे त्याचे जुने प्रतिस्पर्धी. विमानाच्या आकारावरून हवेचे बल मोजण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे प्रशिक्षणाच्या क्षेत्रातही त्याला मान आहे.

एकाऐवजी तीन पडदे हा केवळ हौसेचा भाग नव्हे. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. ७० सेंटिमीटर अंतरावरून पाहिल्यास तो दृष्टीचा जेमतेम ४६ अंशांचा भाग व्यापतो. धावपट्टीला समांतर उडून उतरण्यासाठी वळताना वैमानिकाला धावपट्टी डाव्या खांद्याच्या बाजूला दिसावी लागते. एका पडद्यावर ती दिसतच नाही. बाजूचे दोन पडदे कोनात बसवले की हे क्षेत्र १४० अंशांच्या आसपास जाते आणि वळण कधी घ्यायचे, याचा अंदाज नजरेने बांधता येतो. विमान कंपन्यांच्या पूर्ण क्षमतेच्या सिम्युलेटरमध्ये १८० अंश किंवा त्याहून रुंद दृश्य असते, त्यामागेही हेच कारण आहे.

यंत्रावरचा खरा भार

पडदे वाढले की ते रंगवण्याचे कामही वाढते. २५६० बाय १४४० क्षमतेच्या एका मॉनिटरवर सुमारे ३७ लाख बिंदू असतात. तीन मॉनिटरवर ही संख्या १ कोटी १० लाखांवर जाते. तीन फोर-के मॉनिटर लावल्यास ती अडीच कोटींच्या जवळ पोहोचते. हे सर्व बिंदू सेकंदाला किमान ३० वेळा नव्याने काढावे लागतात, आणि हा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो.

एवढ्यावर भागत नाही. एकच दृश्य तीन पडद्यांवर ताणले तर कडेच्या इमारती आणि धावपट्ट्या विचित्रपणे लांबट दिसतात. हा दोष टाळायचा तर प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र कोनातून दृश्य तयार करावे लागते आणि त्याचा ताण प्रोसेसरवर येतो. एक्स-प्लेनमध्ये ही सोय पूर्वीपासून आहे. जाळ्याने जोडलेल्या एकाहून अधिक संगणकांवर हे काम वाटूनही देता येते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये ती २०२२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि ती वापरताना वेग चांगलाच घटतो. विमानाचे गणित, हवामान आणि इतर वाहतूक यांचा मोठा हिस्सा प्रोसेसरच्या एकाच मुख्य धाग्यावर चालत असल्याने नुसते जास्त कोअर असलेला प्रोसेसर घेऊन फारसा लाभ होत नाही. एएमडीचे मोठ्या कॅश मेमरीचे ‘एक्स-थ्री-डी’ प्रोसेसर २०२२ पासून या वर्तुळात लोकप्रिय झाले, ते याच कारणाने.

करकपात आणि दरवाढ

मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीतील नेहरू प्लेसमध्ये सुटे भाग घेऊन संगणक जुळवणाऱ्यांना सप्टेंबर २०२५ मध्ये दिलासा मिळाल्याचे चित्र निर्माण झाले होते. वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५६ व्या बैठकीतील निर्णयानुसार २२ सप्टेंबरपासून मोठे दूरदर्शन संच व मॉनिटर यांच्यावरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. प्रत्यक्षात ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर आधीपासूनच १८ टक्के कर होता. म्हणजेच तीन २७ इंची पडदे घेणाऱ्याला या कपातीचा लाभ झालाच नाही. तो झाला ४३ इंची एकच पडदा घेणाऱ्याला. प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स कार्डावरील कर १८ टक्केच राहिला.

त्यानंतर काही आठवड्यांतच मेमरीचे भाव चढू लागले. जगातील बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या विशेष मेमरीला प्रचंड मागणी आली असून, तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीच्या तुलनेत तिला सुमारे तिप्पट वेफर लागतात. कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि सामान्य संगणकाच्या रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपर्यंत काही महिन्यांतच दुपटीहून अधिक झाले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. त्याच आठवड्यात डॉलरचा भाव ९० रुपयांपलीकडे गेल्याने आयात मालावर आणखी बोजा पडला. मायक्रॉनचा गुजरातमधील साणंदचा प्रकल्प चिपांच्या जुळणीचा व चाचणीचा आहे. वेफर तेथे बनत नाहीत. त्यामुळे देशांतर्गत उत्पादनाचा आधारही इथे मिळत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या सिम्युलेटरसाठी किमान १६, शिफारस म्हणून ३२ आणि आदर्श स्थितीत ६४ जीबी रॅम सांगितली जाते. एरवी ‘असू द्या जास्त’ म्हणून सहज घेतली जाणारी ६४ जीबी रॅम आता अंदाजपत्रकातील मोठी रक्कम ठरू शकते. ग्राफिक्स कार्डावरील मेमरीही याच कारखान्यांतून येत असल्याने तिथेही सुटका नाही.

लॉगबुकात शून्य

खर्चाच्या दुसऱ्या बाजूला लाभाचा प्रश्न उभा राहतो. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक आहे. सिम्युलेटरवरील तास मर्यादित प्रमाणात धरले जातात, पण ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या उपकरणावरचे असावे लागतात. घरच्या यंत्रावर हजार तास घालवले तरी लॉगबुकात त्याची नोंद शून्य. अमेरिकेत संघीय विमान वाहतूक प्रशासन प्राथमिक दर्जाच्या, टेबलावर मावणाऱ्या उपकरणांनाही मान्यता देते आणि उपकरण-उड्डाणाच्या मानांकनासाठी त्यावरील १० तासांपर्यंत सराव ग्राह्य धरते. तिथेही उपकरणाला मान्यतापत्र लागते आणि प्रशिक्षक उपस्थित असावा लागतो. मुलाने एकट्याने खोलीत बसून केलेले उड्डाण तिथेही मोजले जात नाही.

याचा अर्थ हे यंत्र निरुपयोगी आहे असा नाही. उपकरणांवरून ठरावीक क्रमाने नजर फिरवणे, चेकलिस्ट, दिशादर्शनाची रेडिओ साधने आणि धावपट्टीकडे उपकरणांच्या आधारे येण्याची पद्धत यांचा सराव घरी उत्तम होतो. २००१ पासून सुरू असलेल्या ‘व्हॅटसिम’ या स्वयंसेवी जाळ्यावर नियंत्रकाची भूमिका करणाऱ्यांशी रेडिओच्या भाषेत बोलताही येते. गोंदिया, धुळे किंवा बारामतीच्या प्रशिक्षण केंद्रात विमानातील प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. तिथे या पूर्वतयारीचा उपयोग होतो. मात्र शरीराला जाणवणारा वेग, दांड्यावरचा जोर आणि जमिनीजवळचा वारा यांतले काहीही पडद्यावर येत नाही. उलट, बाहेरच्या क्षितिजाऐवजी उपकरणांकडेच पाहत राहण्याची सवय लागली तर ती प्रत्यक्ष विमानात मोडावी लागते.

खर्चाचा क्रम

या साऱ्याचा विचार करता खर्चाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. वैमानिक होण्याचा हेतू असेल तर पहिला खर्च महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडील द्वितीय श्रेणीच्या वैद्यकीय तपासणीचा असावा. दृष्टी किंवा रंगओळखीतील दोष तिथे उघड होतो आणि तो कोणत्याही ग्राफिक्स कार्डाने दूर होत नाही. त्यानंतर यंत्र घ्यायचे तर एक मोठा पडदा, उपकरणांसाठी जुना छोटा मॉनिटर, साधा जॉयस्टिक व रडर पेडल आणि ३२ जीबी रॅम एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. डोके वळवले की दृश्यही वळवणारी, वेबकॅमवर चालणारी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. त्यामुळे बाजूच्या दोन पडद्यांचे बरेचसे काम भागते. मदरबोर्डवर रॅमच्या दोन जागा मोकळ्या ठेवल्या आणि पॉवर सप्लाय थोडा मोठा घेतला, तर भाव उतरल्यावर पडदे व मेमरी वाढवता येतात.

केवळ हौस असेल, तर तीन पडद्यांचा आनंद निर्विवाद आहे. त्याची किंमत ज्याची त्याने ठरवावी. पण परवान्याच्या प्रशिक्षणासाठी अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक रक्कम उभी करू पाहणाऱ्या कुटुंबाने घरच्या कॉकपिटला त्या प्रशिक्षणाचा हप्ता समजू नये. देशाला हजारो वैमानिक हवे आहेत हे खरे. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या धर्तीवर स्वस्त पण मान्यताप्राप्त उपकरणांचा मार्ग खुला करायचा का, हा निर्णय महासंचालनालयाचा आहे. तो होईपर्यंत घरातील तीन पडद्यांवर सराव होईल, लॉगबुकातील तास मात्र प्रशिक्षण केंद्रातच मिळवावे लागतील.