जगज्जेत्याची शिष्यवृत्ती

एका विद्येत ज्याने मोठे नाव मिळविले आहे, अशा प्रौढ माणसास दुसऱ्या विद्येच्या बिगरीत जाऊन बसण्याची पाळी आली तर तो काय करील? बहुतेक जण ती दुसरी विद्याच हलकी ठरवितात. कोणी म्हणतो, “आमच्या विद्येपुढे तिचे काय चालणार?” कोणी म्हणतो, “आता या वयात कशाला?” हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा काढावयास बसतात. अशा थोड्यांपैकी एकाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. तो कवी नव्हे, शास्त्रज्ञ नव्हे, राष्ट्रपुरुषही नव्हे. तो अमेरिकेतील एक लढवय्या आहे. मॉरिस स्मिथ हे त्याचे नाव.

शाळेच्या वार्षिकात ठोसे आणि लाथा यांचे कौतुक कशासाठी, असा प्रश्न कोणी पालक विचारतील. तो रास्तच आहे, व त्याचे उत्तर आम्ही पुढे देऊ. आधी हकीकत पाहावी.

स्मिथचा जन्म 1961 च्या डिसेंबरातला, आणि त्याचे गाव अमेरिकेच्या वायव्येकडील सिअ‍ॅटल. त्याची विद्या किकबॉक्सिंगची. ही विद्या उभ्याने लढण्याची असते. हातांनी ठोसे मारावे, पायांनी लाथा माराव्या, प्रतिस्पर्धी जमिनीवर पडला की थांबावे आणि तो उठला की पुन्हा भिडावे, असा तिचा नेम. 1980 च्या दशकात या विद्येतील वजनदार गटाचे जागतिक अजिंक्यपद स्मिथकडे होते आणि कित्येक वर्षे त्यास जोड सापडत नव्हता. 29 नोव्हेंबर 1989 रोजी टोकियो येथील विशाल क्रीडागारात जपानचा तरुण मल्ल मिनोरू सुझुकी त्याच्यापुढे उभा राहिला. चौथ्या फेरीत स्मिथने त्यास निपचित पाडले. कुस्ती आणि किकबॉक्सिंग यांच्या त्या सामन्यात किकबॉक्सिंग श्रेष्ठ ठरली, असे पाहणाऱ्यांस वाटले असल्यास नवल नाही.

पण काळाचे चक्र लवकरच उलटे फिरले. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरी ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ नावाची स्पर्धा प्रथम भरली. निरनिराळ्या युद्धकलांचे जाणते एका अष्टकोनी पिंजऱ्यात सोडावे आणि कोणती कला खरी हे पाहावे, अशी तिची कल्पना. मुष्टियोद्धे आले, कराटेवाले आले, लाथांचे वाकबगारही आले. जिंकला मात्र ब्राझीलचा रॉइस ग्रेसी. अंगाने सडपातळ असलेला हा तरुण प्रतिस्पर्ध्यास मिठी मारून जमिनीवर आणी, आणि गळ्यास वा हातास असा पेच घाली की समोरच्यास हार मानण्यावाचून गत्यंतर नसे. उभ्याने लढणाऱ्यांची सारी विद्या पाठ जमिनीस टेकताच निरुपयोगी ठरली. त्याच महिन्यात जपानमध्ये सुझुकीने स्मिथच्या हातास पेच घालून चार वर्षांपूर्वीच्या पराभवाची फेड केली. त्यानंतरच्या वर्षांत केन शॅमरॉक आणि बास रुटेन यांनीही पेचांच्या बळावर स्मिथला हरविले.

येथे आमच्या वाचकांस आपलीशी वाटेल अशी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. सुझुकी आणि त्याचे सहकारी ज्या गुरूच्या शिकवणीत तयार झाले, त्या कार्ल गॉच या बेल्जियममध्ये जन्मलेल्या कुस्तीगिराचा भारतीय मल्लांच्या व्यायामावर मोठा विश्वास होता. शेकडो जोर आणि बैठका हा त्याच्या शिष्यांचा नित्यक्रम असे, आणि मुद्गल फिरविण्याचाही तो पुरस्कर्ता होता. जपानी आखाड्यांत बैठकांना आजही ‘हिंदू’ हे विशेषण लावतात. आपल्याकडच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली मेहनत अशी सातासमुद्रापार गेली. विद्येला सरहद्द नसते, हे सीमेवर राहणाऱ्या आपणांस दुसऱ्या कोणी सांगावयास नको.

आता स्मिथपुढे दोन वाटा होत्या. आपल्या किकबॉक्सिंगच्या राज्यात परत जाऊन तेथला मान उपभोगीत राहणे, ही पहिली. तीत लाज वाटण्याजोगे काही नव्हते. ज्या विद्येने आपणांस हरविले तिच्याच दारात शिष्य म्हणून जाणे, ही दुसरी. स्मिथने दुसरी वाट धरली. फ्रँक शॅमरॉक हा वयाने बराच लहान असलेला मल्ल आणि ज्युदोच्या मुशीतून आलेला जपानी लढवय्या त्सुयोशी कोहसाका यांच्याशी त्याने जोड जमविली. या तिघांच्या संघास ‘अलायन्स’ असे नाव पडले. त्यांचा व्यवहार साधा होता. स्मिथने उभ्याने लढणे शिकवावे, आणि जमिनीवर पडल्यावर काय करावे ते इतरांनी स्मिथला शिकवावे. सकाळी जो गुरू, तो संध्याकाळी शिष्य!

स्मिथने काय शिकावयाचे ठरविले, हे पाहण्यासारखे आहे. आयुष्यभर कुस्ती खेळलेल्या माणसाहून आपण चांगले कुस्तीगीर होऊ, असा भ्रम त्याने बाळगला नाही. त्याने आपल्या गरजेपुरताच अभ्यासक्रम आखला. पाठीवर पडल्यावर दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्यास कसे जखडून ठेवावे, गळा आणि हात कसे वाचवावेत, आणि संधी मिळताच कसे उठून उभे राहावे, एवढेच. एकदा उभे राहिले की पुढे त्याची स्वतःची विद्या होतीच. याच्या जोडीस त्याने दमसासाची तयारी केली. समोरचा दमेल आणि आपण दमणार नाही, असा दिवस यावा म्हणून.

तो दिवस 27 जुलै 1997 रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरी आला. समोर होता मार्क कोलमन. 1988 साली अमेरिकन विद्यापीठांच्या कुस्तीत तो अजिंक्य ठरला होता, आणि 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये तो अमेरिकेतर्फे लढला होता. या पिंजऱ्यात तो तोवर एकदाही हरला नव्हता. वजनदार गटाचे पहिले अजिंक्यपदही त्याचेच. प्रतिस्पर्ध्यास खाली पाडावे, त्याच्या अंगावर बसावे आणि वरून ठोसे घालीत राहावे, ही त्याची रीत. त्या काळी डोक्याची टक्करही नियमबाह्य नव्हती. पस्तीस वर्षांच्या किकबॉक्सरचा या बलाढ्य मल्लापुढे निभाव लागेल, असे मानणारे फार थोडे होते.

घडलेही प्रथम अपेक्षेप्रमाणेच. कोलमनने स्मिथला लवकरच खाली आणले आणि प्रहार सुरू केले. पण स्मिथ घाबरला नाही. शिकलेला धडा तो शांतपणे गिरवीत राहिला. पायांची पकड, हातांचा आडोसा आणि संयत श्वास. मिनिटे जाऊ लागली तसतसा वर असलेलाच दमू लागला, आणि खाली असलेला ताजाच राहिला. मग स्मिथ उठला. त्यानंतर त्याच्या लाथा कोलमनच्या मांड्यांवर बसू लागल्या, आणि कोलमनला गुडघ्यांवर हात टेकून श्वास घ्यावा लागला. पंधरा मिनिटांच्या मूळ वेळेनंतर तीन-तीन मिनिटांच्या दोन जादा फेऱ्या झाल्या. एकवीस मिनिटांच्या अखेरीस पंचांनी एकमताने स्मिथला विजयी ठरविले. त्या स्पर्धेचे अजिंक्यपद मिळविणारा तो पहिला किकबॉक्सर होय.

यावर एक आक्षेप घेण्यात येतो. स्मिथ जिंकला नाही, कोलमन दमला, इतकेच, असे काहींचे म्हणणे. आम्हांस हा आक्षेप विचित्र वाटतो. परीक्षेत दुसरा विद्यार्थी शेवटच्या तासाला थकला म्हणून आपला नंबर आला, असे म्हणणाऱ्यास आम्ही विचारू की, बाबा रे, शेवटच्या तासापर्यंत न थकणे ही तयारी नव्हे काय? कोलमन आपोआप दमला नाही. ज्याला पेचात धरता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही, अशा माणसावर त्याला आपली शक्ती खर्च करावी लागली, म्हणून तो दमला. तो खर्च स्मिथने त्याला करावयास लावला.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो म्हणजे पालकांचा मघाचा प्रश्न. हा खेळ रानटी नाही काय? आरंभीच्या वर्षांत तो बराचसा तसा होता, हे आम्ही नाकारीत नाही. 1996 साली सिनेटर जॉन मॅकेन यांनी अमेरिकेतील राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून त्यावर बंदी घालण्याचा आग्रह धरला, आणि या खेळाची तुलना त्यांनी कोंबड्यांच्या झुंजीशी केली. ती टीका अनाठायी नव्हती, आणि तिचा उपयोगही झाला. 1997 मध्ये हातमोजे सक्तीचे झाले. त्याच वर्षी डोक्याची टक्कर व इतर अनेक घातक प्रकार वर्ज्य ठरले. 2000 साली न्यू जर्सी राज्याच्या नियामक मंडळाच्या देखरेखीखाली लढती होऊ लागल्या, आणि आजच्या नियमांचा पाया तेथे पडला. तरीही डोक्यावर प्रहार होणारा खेळ निर्धोक होत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी मधल्या सुट्टीत त्याचा प्रयोग करावा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, खेळ पसंत नसला तरी खेळाडूचा गुण पारखता आला पाहिजे. चिखलात उगवले म्हणून कोणी कमळ टाकून देत नाही.

मग स्मिथचा वारसा कोणता? अजिंक्यपद म्हणावे, तर ते पाच महिनेही टिकले नाही. ऑक्टोबरात टँक अ‍ॅबटविरुद्ध त्याने ते राखले, पण 21 डिसेंबर 1997 रोजी जपानमधील योकोहामा शहरी रँडी कुटूरने पंचांच्या निर्णयावर त्याला हरविले. मात्र त्याच रात्री, त्याच पिंजऱ्यात, आणखी एक गोष्ट घडली. स्मिथचा जोडीदार फ्रँक शॅमरॉक याने केव्हिन जॅक्सन या 1992 च्या ऑलिम्पिक सुवर्णपदकविजेत्या मल्लाला हाताच्या पेचाने अवघ्या 16 सेकंदांत हार मानावयास लावली. पुढे 1999 साली आपल्याहून अंगापिंडाने मोठ्या टिटो ऑर्टिझला शॅमरॉकने हरविले, तेही स्मिथच्याच रीतीने. आधी त्याला दमू दिले, आणि मग उभ्याने प्रहार केले. गुरूचे पद गेले, विद्या मात्र राहिली. ज्याला पदाचा लोभ आहे त्याने हा हिशेब मांडून पाहावा.

आज या खेळात ‘मी केवळ ठोसेवाला’ किंवा ‘मी केवळ कुस्तीवाला’ असे म्हणून कोणी उतरत नाही. उभ्याने लढणारा प्रत्येक जण आधी पडून उठावयास शिकतो. ही गोष्ट आता इतकी सर्वमान्य झाली आहे की, ती कोणी आरंभिली याची आठवण फारशी निघत नाही. तो मान एकट्या स्मिथचा नव्हे. पण त्या रीतीचा अर्थ सर्वांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखविणाऱ्यांत तो अग्रभागी होता. आणि त्याची लढण्याची हौसही दीर्घकाळ टिकली. 2007 साली, पंचेचाळिशीत, त्याने आपला जुना प्रतिस्पर्धी मार्को रुआस याला पुन्हा एकदा हरविले.

‘शिष्यवृत्ती’ हा शब्द आपल्या शाळेत वारंवार उच्चारला जातो. त्याचा अर्थ आपण सरकारकडून वा एखाद्या निधीकडून मिळणारे पैसे असा करतो. पण वृत्ती म्हणजे मनाची ठेवण, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे. शिष्य होण्याची मनाची ठेवण ती शिष्यवृत्ती. पहिली शिष्यवृत्ती वर्गातील दोघा-चौघांनाच मिळते. दुसरी कोणालाही मिळू शकते, आणि तिला वयाची अट नाही.

आपल्या घरांतून मुलांवर फार लवकर शिक्के मारले जातात. “आमच्या बाळूला गणित येत नाही,” “आमची कुसुम भाषेत कच्ची,” असे आईबाप पाहुण्यांदेखत सांगतात. मुलेही ते ऐकतात, आणि पुढे त्याच शिक्क्याच्या आड लपतात. ज्यात आपण हुशार तेवढेच करीत राहणे सुखाचे असते, कारण तेथे कोणी हसत नाही. ज्या विषयात आपण पडतो तेथे जाऊन रोज पडावे, आणि रोज थोडे लवकर उठावे, यास धैर्य लागते. त्या विषयात पहिला नंबर यावा असा हट्ट नको. स्मिथ कुस्तीत कोलमनहून श्रेष्ठ कधीच झाला नाही. त्याने फक्त इतके शिकून घेतले की, आपल्या कच्च्या बाजूने आपला नाश होऊ नये आणि आपल्या पक्क्या बाजूस संधी मिळावी. एवढे उद्दिष्ट कोणत्याही मुलाच्या आवाक्यात आहे.

आणि शिक्षकांसही या कथेतून घेण्याजोगे काही आहे. जगज्जेता असूनही स्मिथ वयाने लहान असलेल्या सोबत्यांकडून शिकला, आणि आपल्याजवळचे त्यांना देऊन बसला. आम्ही मास्तर मंडळी खडू हाती आला की शिष्यवृत्ती विसरतो. वर्गातील एखाद्या मुलास एखादी गोष्ट आमच्याहून अधिक चांगली येत असेल, तर तिच्यापुरते बाकावर बसून ती त्याच्याकडून ऐकावी. त्याने आमचा मान कमी होणार नाही. मुलांनाही त्यातून कळेल की, शिकणे ही केवळ लहानपणी भोगावयाची शिक्षा नसून मोठेपणीही करावयाची गोष्ट आहे.